मालकीण इथेच राहते का?

मी आण्णाप्पा. तीस वर्षं तालुका कचेरीत कारकून होतो आणि निवृत्त झाल्यावर तरी कागदांपासून सुटका होईल असं वाटलं होतं. झाली नाही. सीमाभागात, पिरनवाडीच्या नाक्यावर पुतण्याचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे एक खुर्ची माझी. लोक प्लास्टिकच्या पिशवीत आयुष्यभराचे कागद कोंबून आणतात आणि माझ्यासमोर उपडे करतात. अर्ज कानडीत, माणूस मराठी, संगणक इंग्रजी आणि मध्ये मी. संध्याकाळपर्यंत डोकं बधिर होतं. घरी गेल्यावर बायको काही विचारते, तेव्हाही मी तिला आधार कार्ड मागेन की काय अशी भीती वाटते.

यंदा संक्रांतीच्या आधी होमस्टेचे नवे नियम आले. जांबोटीच्या रस्त्याला गोव्याला जाणारी, धबधबे बघायला येणारी माणसं थांबतात, म्हणून गेल्या सात-आठ वर्षांत ज्याच्याकडे दोन खोल्या जास्त त्यानं त्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली होती. कुणी विचारणारं नव्हतं. आता विचारणारे आले. जूनच्या आत परवाना घ्या, नाहीतर बंद करा.

नियम तसे वाईट नव्हते, हेही सांगून टाकतो. भिंतीला आग विझवायचं नळकांडं, फाटकावर कॅमेरा, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदवही, पोलीस ठाण्याचा दाखला, पंचायतीची ना-हरकत, औषधांची पेटी, कानडीत मोठ्या अक्षरांची पाटी. ह्या गोष्टी बाजारात मिळतात, नाहीतर चार हेलपाटे घातले की कचेरीत मिळतात. चौदाव्या रकान्यात मात्र एकच ओळ होती : मालक त्याच घरात राहतो का? हे कुठल्या दुकानात मिळतं ते मला ठाऊक नव्हतं.

अर्धा तालुका ह्या एका ओळीवर अडकला. कुणाचा मालक पुण्यात, कुणाचा कुवेतला, कुणाचा तर वर गेलेला. रोज तोच प्रश्न आणि रोज माझं तेच उत्तर. त्यातच एक दिवस नागोजी आला, सोबत त्याची बायको रचना.

नागोजी म्हणजे माझ्या शाळासोबत्याचा, शामूचा, थोरला मुलगा. शहरात टिळकवाडीत फ्लॅट, विमा कंपनीत नोकरी. धाकटा युवराज संकेश्वरला असतो, खत-बियाणांचं दुकान आहे. जांबोटीच्या रस्त्यालगत गावातलं घर शामूनं हौसेनं बांधलेलं. चार खोल्या, पुढे ओसरीसारखा लांब सोपा, मागे फणस. शामू गेल्यावर शेताची वाटणी झाली, पण घर कुणी घ्यायचं ह्यावर भावांचं जमेना, म्हणून ते आईच्या, राजाबाईच्या नावावर ठेवलं आणि कुलूप घातलं. पुढे रचनाला ते भाड्यानं द्यायची कल्पना सुचली. तिनं रंग दिला, एसी बसवला, ‘ग्रीन नेस्ट’ अशी इंग्रजी पाटी लावली आणि मोबाइलवरून बुकिंग घेऊ लागली. शेजारची गुणाबाई येणाऱ्यांना स्वयंपाक करून घालते. उत्पन्न दोघे भाऊ वाटून घेतात आणि त्यात कधी भांडण झालेलं नाही.

"काका, चौदा नंबरचं काय करायचं?" नागोजीनं विचारलं.

"राजाबाई तिथं राहत्यात काय?" मी म्हणालो. मला उत्तर माहीत होतं. चीड आली की मी असे प्रश्न विचारतो.

"आई आता आमच्याकडं हाय. पाळी आमची हाय न्हवं."

पाळी म्हणजे काय हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही, तरी सांगतो. बाप गेला की शेताबरोबर आईचीही वाटणी होते. तिला कुणी एकानं कायमचं ठेवून घेतलं तर दुसऱ्याला गावात तोंड दाखवता येत नाही, म्हणून ती दोघांकडे पाळीनं राहते. राजाबाईची पाळी दोन-दोन अमावास्यांची. दोन अमावास्या थोरल्याकडे टिळकवाडीत, दोन धाकट्याकडे संकेश्वरला. अमावास्या झाली की एकाची गाडी येते आणि तिला घेऊन जाते. अकरा वर्षं झाली. एकदाही कुणी चुकलं नाही, एकानंही एक दिवस कमी केला नाही.

हे सगळं ठरलं शामूच्या चौदाव्या दिवशी, त्याच घराच्या सोप्यात. पंच बसले होते. कागद मी लिहिला. माझं अक्षर चांगलं, मला कायद्याची भाषा येते, म्हणून मी. ‘मातोश्रींच्या पालनपोषणाची जबाबदारी उभय बंधूंनी दोन-दोन अमावास्यांप्रमाणे आळीपाळीने घ्यावयाची आहे’ असं मी झोकात लिहिलं आणि वाचून दाखवलं. सगळे म्हणाले, लई चांगलं झालं. राजाबाई आत दाराआड उभी होती. तिला काय हवं आहे हे मी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही, पण लेखणी माझ्या हातात होती. त्याची मला लाज वाटते.

दोन्ही मुलं वाईट असती तर बरं झालं असतं, निदान शिव्या घालता आल्या असत्या. ती चांगली आहेत. नागोजी तिला वर्षातून दोनदा तपासणीला नेतो. युवराज गाडीत तिच्या पाठीला उशी ठेवतो. पण मी दोन्ही घरी तिला पाहिलं आहे. ती खुर्चीच्या कडेला बसते. टीव्ही लागला असेल तो बघते. थोरल्याकडे साखरेचा चहा, धाकट्याकडे गुळाचा, दोन्हीकडे ती "चांगला झालाय" म्हणते. वर्षातून सहा वेळा घर बदलणाऱ्या बाईचा कुठल्याच घरात स्वतःचा खिळासुद्धा नसतो, हे मला तिच्याकडे बघून कळलं.

असो. अर्ज भरायला घेतला आणि माझ्या तोंडाला फेस आला. राजाबाईचं आधार कार्ड टिळकवाडीच्या पत्त्यावर, कारण नागोजीला तिचं नाव दवाखान्याच्या विम्यात घालायचं होतं. रेशन कार्डावर नाव संकेश्वरला, कारण धान्य माणशी मिळतं आणि युवराजला कार्डावर एक नाव वाढवायचं होतं. मतदान गावात. म्हणजे सरकारच्या लेखी बाई तीन ठिकाणी आणि प्रत्यक्षात अमावास्या नेईल तिथे. आधारचा पत्ता बदलायला दोन हेलपाटे, रेशन कार्डावरून नाव काढायला तीन. प्रत्येक वेळी राजाबाईला सोबत न्यावं लागे, कारण बोटांचे ठसे तिचे. तिचे ठसे उमटत नसत. शेण, माती, भांडी, सगळ्यांनी मिळून ते पुसून टाकले होते.

"भावजी, ह्ये कशासाठी चाललंय?" एकदा रांगेत बसल्यावर तिनं मला विचारलं.

"तुम्ही गावातल्या घरात राहतासा असं सरकारला दाखवायचं हाय, वैनी."

"मी राहतो व्हय तिथं?"

"न्हाय. पण दाखवायचं हाय."

तिनं आपली पुसट बोटं बघितली. मग म्हणाली, "फणसाला फळ धरलं आसंल आता."

तपासणीची तारीख फेब्रुवारीच्या शेवटाची मिळाली. त्याआधी आठ दिवस रचना गावात राहून राबली, हे मान्य करायला पाहिजे. नळकांडं टांगलं, वही उघडली, कानडी पाटी आली. मागच्या बाजूची धान्याची खोली रिकामी करून तिथे ‘मालकाची खोली’ तयार केली. पलंग, पांढरी चादर, कपाटात राजाबाईच्या सहा साड्या, भिंतीवर शामूचा फोटो. मी बघितली आणि म्हणालो, ठीक आहे. खोटं नीट मांडलेलं असलं की कारकुनाला बरं वाटतं. तीस वर्षांची सवय.

तपासणीला दिव्या मॅडम आल्या. तिशीतल्या, चिकोडीकडच्या जैन घरातल्या, कानडी आणि मराठी दोन्ही सफाईनं बोलणाऱ्या. हातात टॅब. एकेक रकाना बघत पुढे चालल्या. नळकांड्याची तारीख पाहिली, कॅमेरा पाहिला, वहीतली पानं उलटली. तेरा रकाने हिरवे झाले. दोघे भाऊ हजर होते. नागोजीच्या कपाळावर घाम होता आणि मला माझ्या फाइलचं ओझं वाटत होतं.

चौदाव्यासाठी त्या मागच्या खोलीत आल्या. राजाबाई पलंगावर बसली होती, कडेलाच. दुपारची वेळ, वर पत्र्याचं छप्पर, खोली तापलेली. दिव्या मॅडम तिच्या शेजारी बसल्या आणि पदरानं वारा घेत म्हणाल्या, "अज्जी, फॅन लावा की जरा. लई उकडतंय."

एवढंच. परीक्षा वगैरे काही नव्हती. बाईंना खरंच उकडत होतं.

राजाबाई उठली आणि भिंतीवरच्या बटणांपुढे उभी राहिली. रचनानं नवीन बोर्ड बसवला होता, दहा बटणांचा. तिनं पहिलं दाबलं, बाहेरचा दिवा लागला. दुसरं दाबलं, न्हाणीघरातला पंखा घुरघुरायला लागला. तिसऱ्याला काहीच झालं नाही. चौथ्यानं कुठेतरी बेल वाजली आणि गुणाबाई पुढच्या दाराकडे धावली. युवराज मदतीला पुढे झाला, तर मॅडमनी हातानंच थांब म्हटलं. त्या आता राजाबाईच्या बोटांकडे बघत होत्या.

नागोजी घाईघाईनं हसला. "आईला आता आठवत न्हाय हो मॅडम. वय झालंय. कधीकधी आमचीबी नावं इसरत्यात."

हे ऐकून राजाबाईनं बोट बटणावरून काढलं आणि मागे वळली. मी तिला चाळीस वर्षं ओळखतो. तिचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता आणि तेव्हाही चढला नाही.

"मला सगळं आठवतंय," ती म्हणाली. "तुमच्या दोघांच्या घरातली बटणं मला अंधारात गावत्यात. हितली गावत न्हाईत, कारण मी हितं राहतच न्हाय. मॅडम, अकरा वरसं झाली, ह्या घरात मी एक रात झोपलो न्हाय. आज सकाळी मला आणून बशिवलंय."

आत न्हाणीघरातला पंखा घुरघुरत होता.

"मग कुठं राहता, अज्जी?" मॅडमनी हळूच विचारलं.

"कुटंच न्हाय," राजाबाई म्हणाली. "जाऊन-येऊन आसतो."

दिव्या मॅडमनी टॅब मांडीवर उपडा ठेवला. मग शांतपणे सांगितलं, की त्यांना चौदाव्या रकान्यात ‘नाही’ लिहावं लागेल. खोटी माहिती दिली म्हणून कारवाई करता आली असती, ती त्या करणार नाहीत. मालकीण साठ दिवस खरोखर इथे राहिली तर पुन्हा अर्ज करा, त्या पुन्हा येतील. न कळवता येतील. चहा न घेताच त्या गेल्या.

मग सोप्यात जे झालं ते लिहिण्यासारखं नाही, थोडक्यात सांगतो. रचना रडली, आठ दिवसांची मेहनत पाण्यात गेली म्हणून. नागोजी आईला म्हणाला, एका दिवसाचा प्रश्न होता, तेवढंबी तुला जमलं न्हाय? युवराज त्याच्यावर ओरडला, आईला खुळी ठरवताना तुला काय वाटलं न्हाय? राजाबाई शेवटच्या पायरीवर बसून ऐकत होती. दोघे दमल्यावर ती म्हणाली, "मग मी राहतो की हितं."

"एकटी?" दोघेही एकदमच म्हणाले.

"सरकार म्हणतंय न्हवं, मालकानं राहायला पायजे म्हणून. मालक मीच हाय की."

"मग धान्याची खोली हाय तयार," नागोजी म्हणाला.

"धान्याच्या खोलीत धान्य ऱ्हाऊ दे. मी माझ्या खोलीत झोपतो."

तिची खोली म्हणजे पुढची, जिथे ती आणि शामू राहत. रचनानं त्या खोलीचं नाव डीलक्स ठेवलं होतं आणि तिलाच सगळ्यात जास्त मागणी होती. रचना तोंड उघडणार होती, पण नवऱ्याकडे बघून गप्प बसली. नागोजी म्हणाला, बरं, साठ दिवसांचा तर प्रश्न आहे. मला वाटतं, तो स्वतःलाच समजावत होता.

पाचव्या-सहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला गुणाबाईचा फोन आला. ती घाबरली होती. "राजाबाई नुसती झोपूनच हाय हो. जेवाय उठती, परत झोपती. आज तर च्यासुदिक घेतला न्हाय. तुमी या लगोलग."

मी रिक्षा करून गेलो. मनात नको ते विचार आले. खोलीचं दार उघडंच होतं. राजाबाई पलंगाच्या मधोमध झोपली होती, पाय पसरून. चाहूल लागली तशी तिनं डोळे उघडले.

"वैनी, बरं न्हाय काय? डॉक्टरकडं जाऊ या?"

"बरं हाय भावजी," ती म्हणाली. "दमलोय."

"कशानं? काम तर काय न्हाय हितं."

"आत्ताचं न्हवं. बसल्यावर कळालं, किती दमलोय ते."

मी खुर्ची ओढून बसलो. मला माझा तो झोकदार कागद आठवला आणि मी तिची माफी मागितली. ‘त्या दिवशी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं’ असं काहीतरी बोललो. तिनं ऐकून घेतलं. "व्हय, इचारायला पायजे हुतं," एवढंच म्हणाली आणि कुशीवर वळून पुन्हा झोपली. मला वाटलं होतं, ती ‘जाऊ द्या’ म्हणेल. ती तसं म्हणाली नाही आणि ते बरोबरच होतं.

दहा-बारा दिवसांनी तिची झोप पुरी झाली. मग ती उठली आणि घर अंगावर घेतलं. पाहुणे शनिवार-रविवारी येतच होते. त्यांच्या नोंदवहीत ती स्वतः नावं लिहून घेऊ लागली, वाकडीतिकडी. पुण्याच्या एका पोरीला तिनं ओला टॉवेल पलंगावर टाकल्याबद्दल चांगलंच झापलं आणि त्या पोरीनं मोबाइलवर लिहिलं की इथली आजी फार छान आहे. रचनाला ह्याचं नवल वाटलं. मला नाही.

दिव्या मॅडम मेच्या पहिल्या आठवड्यात आल्या, खरंच न कळवता. राजाबाई मागे फणस फोडत होती, कोपरापर्यंत तेल लावून. तिनं हात न धुताच त्यांना सांगितलं, बसा, चार गरे खाऊन जावा. मॅडमनी गरे खाल्ले, घरातून एक चक्कर मारली आणि चौदावा रकाना हिरवा केला. परवाना आला तो मीच दुकानातून छापून काढला. पाच वर्षांची मुदत. खरं सांगतो, मला आनंद झाला नाही, नुसतं हुश्श झालं.

आणि लगेच नागोजीचा फोन. "काका, काम झालं. आता रोज कोण बघाय येतंय? आईला परत न्यायला हरकत न्हाय न्हवं?"

मी म्हणालो, "नियमात हरकत हाय. आणि मला इचारू नकोस, आईला इचार." मी फोन ठेवला. त्यानं आईला विचारलं नाही. दोघा भावांचं आपसात बोलणं झालं. मधल्या दोन अमावास्या आई गावात होती, त्यात युवराजची पाळी बुडाली होती, म्हणून आता ती आधी त्याच्याकडे जाणार असं ठरलं. न्यायाला दोघेही पक्के.

अमावास्येच्या दिवशी दुपारी युवराजची गाडी फाटकाशी आली. मी तिथेच होतो, परवान्याला फ्रेम घालून आणली होती. मागच्या सीटवर नेहमीची उशी ठेवलेली दिसली.

"आई, आवर की. दिवस बुडायच्या आत पोचू या. तिकडं सगळी वाट बघाय लागल्यात."

"मी येत न्हाय रं," राजाबाई म्हणाली.

तो सोप्यावर आला. त्याला वाटलं, आज नाही, उद्या. "उद्या येऊ व्हय मग?"

"उद्याबी न्हाय. मी आता हितंच राहणार."

युवराज हट्टी नाही, हळवा आहे. त्याचा चेहरा पडला. "आमच्याकडं काय कमी पडलं आई? बोल की. माझी बायकू काय बोलली काय तुला?"

"कुणी काय बोललं न्हाय. तुमी दोघांनीबी चांगलं बघितलासा. पण मी पावणी हुतो तुमच्याकडं. अकरा वरसं पावणी ऱ्हायचं लई अवघड आसतं बाळा."

"आणि गाव काय म्हणंल? दोन-दोन पोरं आसून आईला एकटी टाकली म्हणतील."

"सरकारचा नियम हाय म्हणून सांग," ती म्हणाली. "आणि तुला यावंसं वाटलं की यायचं. न्यायला न्हवं. बघाय यायचं."

युवराजनं माझ्याकडे बघितलं. मी फ्रेमच्या काचेवरची धूळ पुसत बसलो. ह्या वेळी काहीही लिहून द्यायची माझी तयारी नव्हती.

ती आत गेली आणि ताट वाढून आणलं. भात, फणसाच्या आठळ्यांची आमटी. तो जेवला, मान खाली घालून. दोनदा भात घेतला. हात धुतला, तिच्या पाया पडला आणि पायऱ्या उतरून गाडीशी गेला. अकरा वर्षांच्या सवयीनं त्यानं आधी मागचं दार उघडलं आणि ते धरून तसाच उभा राहिला. मग लक्षात आलं तसं त्यानं ते लोटलं आणि पुढे जाऊन बसला.

राजाबाई सोप्यावरून बघत होती.

"दार नीट लागलं न्हाय रं," ती म्हणाली. "उतरून परत लाव."